कोविडमधली कॅज्युअल्टी: किट कुणाला मिळालं आणि कुणाचं ऐकलं गेलं

जाई_सिस्टर (धागा)

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. एका जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात कॅज्युअल्टीची, म्हणजे तातडीच्या विभागाची, इनचार्ज आहे, नोकरीला सव्वीस वर्षं झाली. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, समजून घ्या.

पुढच्या सोमवारी नवीन बॅच येतेय, इंटर्न आणि नव्या भरतीतल्या स्टाफ नर्स, आणि पहिल्या दिवशी त्यांना दोन तास कॅज्युअल्टी समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलंय. यातल्या बऱ्याच मुली कोविडच्या वेळी शाळेत किंवा ज्युनियर कॉलेजात होत्या. लाल-पिवळा-हिरवा ट्रायेज (कुणाला आधी बघायचं ते), क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची ट्रॉली), एमएलसीचे म्हणजे पोलीस केसचे कागद, या सगळ्याच्या स्लाइड तयार आहेत. पण मला जे खरं सांगायचंय ते कुठल्याच स्लाइडवर नाहीये, म्हणून इथे आधी लिहून बघते.

मार्च २०२० मध्ये आमच्याकडे पहिल्यांदा पीपीई किट आले ते मोजके. ते स्टोअरच्या कपाटात कुलपाखाली, आणि कुणाला द्यायचे याची एक यादी. यादीत आधी डॉक्टर, मग स्टाफ नर्स, मग लॅब आणि एक्सरेवाले. मामा-मावशी, म्हणजे वॉर्डबॉय आणि आया, नव्हते. त्यांना सर्जिकल मास्क आणि हातमोजे. त्या यादीवर माझीपण सही होती. तेव्हा मला त्यात काही चूक वाटलं नाही हे मी आज कबूल करते, कारण इतकी वर्षं प्रत्येक गोष्ट त्याच क्रमाने वाटली जात होती, चहासुद्धा.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी रात्री एक संशयित पेशंट आला, दम लागलेला, उलटी केली. ट्रॉली ढकलत आत आणला मामांनी, उलटी पुसली मावशींनी, मी किट घालून दोन हात लांब उभी. मावशी पुसता पुसता मला म्हणाल्या, "सिस्टर, आमाला होत न्हाई का तो?" आवाज चढवून नाही, अगदी सहज विचारल्यासारखं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सकाळी आमच्या सीएमओ (मेडिकल ऑफिसर) सरांना हे सांगितलं. त्यांनी त्याच वेळी स्टोअरला फोन केला आणि नवीन नियम लावला, जो पेशंटला हात लावणार त्याला किट, बाकी कुणाला नाही. म्हणजे केबिनमध्ये बसून सही करणाऱ्यांना बंद, ट्रॉली ढकलणाऱ्याला चालू. वरून खूप बोलणी खाल्ली त्यांनी, एका बड्या माणसाने तर माझ्यासमोर त्यांना विचारलं की किट काय फुकट आलेत का. सर म्हणाले, मामा आजारी पडले तर ट्रॉली तुम्ही ढकलणार का. त्यानंतर कॅज्युअल्टीचं वातावरण बदललं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मामा-मावशी रजा टाकायचे ते थांबले. गावाकडे निघून गेलेले दोघं परत आले.

मग बाकीच्या गोष्टी हळूहळू झाल्या. किट घातलं की कोण कोण ते ओळखू येत नाही म्हणून छातीवर मार्करने नाव लिहायला लागलो, डॉक्टरांचं जेवढं मोठं तेवढंच मावशींचं. काढताना संसर्ग जास्त होतो म्हणून जोड्या लावल्या, एकाने काढायचं आणि दुसऱ्याने समोर उभं राहून बघायचं, आणि बघणाऱ्याने "थांबा" म्हटलं की थांबायचं, मग काढणारा कन्सल्टंट का असेना. सहा-सहा तास पाणी नाही, बाथरूम नाही, गॉगलवर वाफ, आतून घामाने अंग सोललेलं. पाळी आलेल्या मुलीला आतली ड्युटी लावायची नाही हे आम्ही रोस्टरवरच ठरवलं आणि ते पुरुष डॉक्टरांसमोर मोठ्याने बोललो. तोवरच्या एवढ्या वर्षांत असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

आता माझं दुखणं सांगते. यातलं आज फार थोडं राहिलंय. नाव लिहिणं गेलं. "थांबा" म्हणणं गेलं. मागच्या महिन्यात एका मावशींनी डॉक्टरांना सांगितलं की साहेब ती सुई ट्रेमध्येच राहिलीय, तर त्यांना ऐकून घ्यावं लागलं की तुम्ही तुमचं काम बघा. ती सुई नंतर त्यांनाच टोचली. मला ते सहन होत नाहीये.

तर तुम्ही कुणी त्या काळात कॅज्युअल्टीत होतात, पेशंट म्हणून, नातेवाईक म्हणून, काम करणारे म्हणून, तर सांगा, काय होतं जे टिकायला हवं होतं? मला सोमवारी या पोरींना तेच सांगायचंय.

---

माजी_रेसिडेंट

सिस्टर, वाचून घशात काहीतरी अडकलं. मी मुंबईत मेडिसिनचा रेसिडेंट होतो, २०१९ ते २२, म्हणजे पूर्ण कोविड. तुमचं "थांबा" वाचून एक प्रसंग आठवला तो लिहितो.

एप्रिल २०२१. कॅज्युअल्टीत ट्रॉलीवरच पेशंट, एका पॉइंटवरून दोघांना ऑक्सिजन, आणि पॉइंट कमी पडले की जंबो सिलिंडर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी हिशोब, जंबो सिलिंडरमध्ये साधारण ७००० लिटर असतो. पिशवीवाल्या मास्कवर १५ लिटरने लावला तर पावणेआठ तास. हाय फ्लोवर, म्हणजे नाकातून जोराने ऑक्सिजन देणाऱ्या मशीनवर, ६० लिटरने लावला तर दोन तासपण नाही. म्हणजे एका हाय फ्लोवाल्या पेशंटमागे दिवसाला बारा-तेरा सिलिंडर, ते जिन्यातून आणणार कोण तर मामा, आणि बदलणार कोण तर जो जवळ असेल तो. मी रात्री तीन वाजता सिलिंडर बदलला आणि रिकामाच परत लावला. दोन्ही एकसारखे दिसत होते, बाजूबाजूला उभे. पेशंटचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ८८ वरून ७० वर आलं तोवर मी दुसऱ्याच्या घशात श्वासाची नळी घालण्यात गुंतलो होतो. ओरडला तो मामा. "डॉक्टर, घड्याळाचा काटा हललाच न्हाय." म्हणजे सिलिंडरवरच्या प्रेशरच्या घड्याळाचा. त्याने स्वतः पाना घेऊन बदललं. पेशंट वाचला.

सकाळी राऊंडला मी हे सांगायचं की नाही याच्यात दोन तास गेले. आमच्याकडे आधीचं वातावरण असं की चूक सांगितली की पूर्ण युनिटसमोर वाभाडे, मग पुढचे सहा महिने तुझं नाव तेच. सांगितलं. आमच्या मॅडमनी फक्त विचारलं, रिकामे आणि भरलेले एकत्र का ठेवले होते? आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत रिकाम्यांसाठी वेगळा कोपरा, भरलेल्याला पांढरी चिकटपट्टी. आणि पुढच्या आठवड्यात आणखी तीन जणांनी सांगितलं की त्यांच्याकडूनपण तेच झालं होतं, फक्त बोलले नव्हते. विचार करा, चार वेळा झालं होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं.

सोमवारी हे नक्की सांगा त्यांना. चूक सांगणाऱ्याला पहिला प्रश्न काय विचारला जातो यावर पुढची चूक कळणार की नाही ते ठरतं.

---

मधुरा_पा

मी दुसऱ्या बाजूने लिहिते, कुणाला वाईट वाटलं तर माफ करा पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

२०२१ च्या एप्रिलमध्ये बाबांना घेऊन आम्ही एका रात्रीत चार ठिकाणी फिरलो. रिक्षातून. पाचव्या ठिकाणी घेतलं. आत नेलं आणि दार बंद. त्यानंतर एकोणीस तास आम्हाला कुणी एक शब्द सांगितला नाही. बाहेर फुटपाथवर मी आणि भाऊ, हातात रेमडेसिविरची चिठ्ठी, ती कुठे मिळते कुणालाच माहीत नाही. दाराशी कुणी किटमधलं माणूस आलं की शंभर माणसं त्याच्या अंगावर धावायची आणि ते माणूस घाबरून परत आत. मला तेव्हा आतल्या सगळ्यांचा इतका राग आला होता की काय सांगू.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक सिस्टर आल्या, छातीवर मार्करने नाव लिहिलेलं, (जाई सिस्टर, म्हणून तुमचं वाचून थांबले मी), आणि त्यांनी स्वतःच्या मोबाईलवरून, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेल्या, व्हिडिओ कॉल लावून दिला. बाबांनी हात हलवला. बोलता येत नव्हतं. दोन दिवसांनी गेले ते. पण तो हात हलवलेला आईने बघितला. त्या सिस्टरांचं नाव मी आजपण दिव्यापाशी म्हणते.

माझं म्हणणं एवढंच की नातेवाईकांना सांगणं हे काम कुणाचंच नव्हतं, ज्याला वाटेल त्याने करायचं. ते कुणाचं तरी ठरवून काम का नव्हतं?

---

जाई_सिस्टर

मधुरा, तू अजिबात माफी मागू नकोस. तू म्हणतेस ते खरंय. आमच्याकडेपण पहिल्या लाटेत असंच होतं. दुसऱ्या लाटेत आम्ही एक माणूस फक्त फोनवर बसवला, दिवसातून दोनदा, सकाळी अकरा आणि संध्याकाळी सहा, प्रत्येक पेशंटच्या घरी एक फोन, ऑक्सिजन किती, जेवला का, काय चाललंय. समाजसेवा अधीक्षक आणि त्यांच्या मदतीला दोन शाळामास्तर, ज्यांची कोविड ड्युटी लागली होती. गुरुजींना मेडिकल काही कळत नव्हतं पण बोलायला छान जमायचं. त्यानंतर दारावरची गर्दी निम्म्यावर आली हे मी खात्रीने सांगते. दारावर पोलीस वाढवूनही जे झालं नव्हतं ते फोनने झालं.

---

इतिहासप्रेमी_पुणे

दारावरच्या गर्दीचा आणि रागाचा विषय निघालाच आहे तर थोडं मागचं सांगतो, कारण हा राग नवा नाही.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, मांडवी भागातून सुरुवात. त्याच वर्षी ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या साथीच्या रुग्णालयावर हल्ला केला. आत नेलेलं माणूस परत येत नाही, आत मारतात, अशी भावना पसरली होती, कारण आत काय चालतं ते बाहेर कुणालाच दिसत नव्हतं. तेच रुग्णालय म्हणजे आजचं कस्तुरबा, जिथे मार्च २०२० मध्ये मुंबईतले पहिले कोविड रुग्ण ठेवले होते. सव्वाशे वर्षं झाली आणि मधुराताई जे सांगतायत ते बंद दारच आहे.

१८९७ चा साथरोग कायदा त्याच प्लेगसाठी केलेला. त्यात सरकारला घरं तपासायचे, माणसं अलग करायचे अधिकार होते पण दवाखान्यात काम करणाऱ्याच्या संरक्षणाचं काही नव्हतं, ते एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने आलं. आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला केला तर अजामीनपात्र गुन्हा, तीन महिने ते पाच वर्षं, गंभीर इजा असेल तर सहा महिने ते सात वर्षं. महाराष्ट्रात तर त्याआधी २०१० पासून वेगळा कायदा आहेच.

आणि त्याच प्लेगमध्ये सावित्रीबाई आणि डॉ. यशवंतराव फुले यांनी हडपसरजवळ माळरानावर दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई मुंढव्याच्या एका आजारी मुलाला स्वतः पाठीवर घेऊन तिथे आल्या, त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. ज्या वस्तीतल्या पोराला हात लावायलासुद्धा लोक तयार नव्हते त्याला पाठीवर घेतलं. तुमच्या सीएमओ सरांचा नियम वाचून मला हेच आठवलं, जो हात लावतो तो.

---

कष्टाची_लेक

मी इथे फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय.

माझी आई एका मोठ्या दवाखान्यात कंत्राटी हाऊसकीपिंगला आहे. अकरा वर्षं झाली, अजून कंत्राटीच. कोविडमध्ये तिला एन९५ एक मिळाला, आणि तो धुवून वापरा म्हणाले. ती तो रात्री दोरीवर वाळत घालायची, आम्ही दोघी बहिणी बघायचो. किट तिला मिळालं ते जूनमध्ये, तेपण कुणी आजारी पडलं म्हणून बदलीवर. वस्तीत नळावर पाणी भरू देत नव्हते, म्हणायचे तू दवाखान्यातून आणतेस. ती पहाटे चारला उठून पाणी भरायची, कुणी नसताना.

मृतदेह प्लास्टिकच्या बॅगेत घालायचं काम तिनेच केलं, किती ते तिने कधी मोजलं नाही. चेन लावायच्या आधी ती प्रत्येकाच्या तोंडात घरून नेलेलं तुळशीचं पान ठेवायची. कुणाला विचारून नाही. म्हणायची, ह्यांचं कुणी नाही इथं, मग मी.

केंद्राच्या ५० लाखांच्या विम्यात कंत्राटी आणि रोजंदारीवालेपण होते हे खरं आहे. पण आईबरोबरचे एक काका गेले तर त्यांच्या घरच्यांना ते कोविड ड्युटीवर होते हे सिद्धच करता येईना, हजेरीचं रजिस्टर ठेकेदाराकडे आणि ठेकेदार बदललेला. दवाखान्यात टाळ्या, फुलं, सगळं झालं. प्रमाणपत्रं वाटली त्यात आईचं नाव नव्हतं. ती काही बोलली नाही. मला अजून त्याचा त्रास होतो.

जाई सिस्टर, तुमच्या मावशींना विचारायची हिंमत झाली, आणि तुम्ही ऐकलंत. माझ्या आईनेही विचारलं असतं हो, पण तिचा ठेकेदार तिला दुसऱ्या दिवशी घरी बसवू शकत होता. विचारायला पायाखाली जमीन लागते.

---

माजी_रेसिडेंट

कष्टाची_लेक, तुमचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. मी वर चूक सांगण्याबद्दल एवढं लिहिलं, पण मला सांगता आलं कारण मला जास्तीत जास्त ओरडा मिळणार होता, नोकरी जाणार नव्हती. तो मामा ओरडला तेव्हा तो माझ्यापेक्षा कितीतरी जास्त धोका घेत होता, हे मला आज कळतंय. तोही कंत्राटी होता.

---

लेस्टरची_अनघा

मी मूळची सांगलीची, इंग्लंडमध्ये मिडलँड्सला ए अँड ई मध्ये, म्हणजे इथल्या कॅज्युअल्टीत, नर्स आहे, २०१७ पासून. इथलं सगळं छान असं समजू नका म्हणून लिहितेय.

इथे दर शिफ्टच्या सुरुवातीला हडल असतं, पाच-सात मिनिटं, सगळे उभे राहून, आज कोण कुठे, बेड किती, धोका काय. कोविडमध्ये त्यात एक प्रश्न आला, आज कुणाला बरं वाटत नाहीये का. पहिले काही दिवस कुणी काही बोललं नाही. मग एका सिनियर कन्सल्टंटने स्वतः सांगितलं की मी काल रात्री झोपलेलो नाही, मला आज रीससला लावू नका, म्हणजे जिथे सगळ्यात सिरियस पेशंट येतात तिथे. त्या दिवसानंतर बाकीचे बोलायला लागले. वरचा माणूस आधी बोलला म्हणून.

दुसरं, इथे मिड स्टॅफर्डशायरच्या प्रकरणानंतर, जिथे पेशंटचे हाल झाले आणि स्टाफने सांगूनही कुणी ऐकलं नाही, २०१५ च्या अहवालातून प्रत्येक ट्रस्टमध्ये (दवाखाने चालवणारी इथली सरकारी संस्था) 'फ्रीडम टू स्पीक अप गार्डियन' नेमायचं ठरलं, ज्याच्याकडे जाऊन तुम्ही वरच्यांबद्दल बोलू शकता. कागदावर उत्तम आहे. पण २०२० च्या वसंतात इथे कोविडने गेलेले पहिले दहा डॉक्टर सगळे बाहेरच्या वंशाचे होते, भारत, पाकिस्तान, श्रीलंका, नायजेरिया, सुदान इकडचे. का, यावर खूप बोललं गेलं, आणि आमच्या नर्सेसमध्ये जे बोललं जायचं ते असं की आम्ही 'नाही' म्हणत नाही. व्हिसा नोकरीवर टांगलेला. मास्क बसत नाही हे सांगायलासुद्धा जीभ उचलत नाही. माझा एफएफपी३ मास्क फिट टेस्टमध्ये नापास झाला होता तरी मी दोन शिफ्ट तो घालून काम केलं, कारण दुसरा साइज नव्हता आणि मला तक्रारखोर दिसायचं नव्हतं. फिलिपिन्सच्या एका मैत्रिणीने माझ्या वतीने जाऊन सांगितलं.

गुरुवारी रात्री आठला टाळ्या वाजायच्या, दहा आठवडे. मला आवडायच्या, खोटं नाही बोलणार, शेजारची आजी पातेलं वाजवायची माझ्याकडे बघून. पण कष्टाची_लेक म्हणते तसं, पायाखाली जमीन लागते. इथे आमच्या पायाखाली तो व्हिसाचा कागद होता.

---

नवी_इंटर्न_२५

जाई मॅडम, मी तुमच्याकडच्या बॅचमधली नाहीये पण तुमच्या स्लाइड ज्यांच्यासाठी आहेत त्यांच्यासारखीच, एका मेडिकल कॉलेजात इंटर्न. हे सगळं वाचून एक विचारते, राग मानू नका.

आम्हाला अजून छत्तीस-छत्तीस तास ड्युटी लागते. १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत रेसिडेंटला एका वेळी बारा तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास असं लिहिलंय, सिनियर सांगतात तो कागद कुणी बघितलाच नाही. परवा सीनियरने मला रात्री अडीचला सगळ्यांसमोर असं काही सुनावलं की मी हात थरथरत असताना आयव्ही लावत होते. मग तुम्ही म्हणता तसं "थांबा" आम्ही कुणाला म्हणायचं? कोविडमध्ये सगळे चांगले वागले कारण सगळ्यांना मरायची भीती होती, असं नाही का? आता भीती गेली म्हणून ते वागणं पण गेलं?

---

जाई_सिस्टर

बाळा, राग कशाचा. तुझा प्रश्न दोन दिवस डोक्यात घेऊन फिरले, नाईट होती म्हणून उशीर झाला.

भीतीने सगळे चांगले वागले हे मला पटत नाही. भीतीने माणसं वाईट पण वागली, मी पाहिलंय. किट लपवून ठेवणारे पाहिले. गेटवरून पेशंट न बघता "बेड नाही" म्हणून परत पाठवणारे पाहिले, ज्याला सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगून ठेवलंय की आधी जीव वाचवा, कागद नंतर. एका दवाखान्याच्या भिंतीच्या आत दोन्ही प्रकारची माणसं होती, भीती सगळ्यांना सारखीच होती. आमच्या कॅज्युअल्टीत फरक पडला तो एका नियमाने आणि तो नियम लावणाऱ्याने बोलणी खाल्ली त्याने. नियम कागदावरून काढला की वागणं पण गेलं. सरांची बदली झाली, नव्या साहेबांनी रोस्टर जुन्या पद्धतीने लावलं, कुणी मुद्दाम काही वाईट केलं नाही, फक्त कुणी धरून ठेवलं नाही. त्यात मीपण आले.

आणि तू म्हणतेस ते थकव्याचं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आमच्याकडे पहिल्या लाटेत सात दिवस ड्युटी आणि सात दिवस विलगीकरण होतं, नंतर विलगीकरण बंद झालं, पण त्या पहिल्या काळात माणसं झोपायची. झोपलेली माणसं एकमेकांवर ओरडत नाहीत. दुसऱ्या लाटेत मनुष्यबळ तेवढंच, पेशंट तिप्पट, तेव्हा सगळ्यात चांगली माणसंपण करवादली. आमच्या एका सिस्टरने एका म्हाताऱ्या बाईंना रागाने हात झटकला आणि मग डॉफिंग रूममध्ये, म्हणजे किट काढायच्या खोलीत, जाऊन अर्धा तास रडली. ती वाईट नव्हती गं. तिचा चौदावा दिवस होता सलग.

२१ एप्रिल २०२१ ला नाशिकला ऑक्सिजनच्या टाकीची गळती झाली, पुरवठा थांबला आणि दोन डझनाच्या आसपास पेशंट गेले. त्या रात्री आमच्याकडे कुणी झोपलं नाही, आपली टाकी, आपले व्हॉल्व्ह, हेच. तेव्हा नंदुरबारची पद्धत आम्ही उचलली, त्यांनी 'ऑक्सिजन नर्स' नेमल्या होत्या, जिचं काम फक्त फिरून बघायचं, कुणाला गरजेपेक्षा जास्त चाललाय, कुठे गळतंय, कुणाला कमी पडतोय. आम्ही ते काम पाळीपाळीने सगळ्यांना दिलं, मामांनापण. मामा गळती कानाने ओळखायचे, मशीनच्या आधी. सू असा बारीक आवाज, म्हणायचे ऐका. आम्हाला गोंगाटात ऐकू यायचा नाही, त्यांना यायचा, कारण त्यांनी जन्मभर सिलिंडर वाहिलेत.

तुझ्या सीनियरला "थांबा" तू एकटीने म्हणू नकोस. ते तुझ्या एकटीचं काम नाही. तुझ्या वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरकडे जा, आमच्यातल्या पुष्कळ जणी तुमच्या आईच्या वयाच्या आहेत, आम्हाला ऐकू येतं सगळं रात्री अडीचला, आम्ही गप्प बसतो ही आमची चूक.

---

मधुरा_पा

ताई, "आम्ही गप्प बसतो" हे तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून नमस्कार.

---

इतिहासप्रेमी_पुणे

सिस्टर, सोमवारचं काय झालं ते नक्की कळवा.

---

कष्टाची_लेक

काल आईला हा पूर्ण धागा वाचून दाखवला. सगळं ऐकलं. त्या मामांचं ऐकून म्हणाली, खरंय, गळती कानाला कळते. मग म्हणाली त्या सिस्टरला विचार, टोचली त्या मावशीला इंजेक्शनं दिली का, रक्त तपासलं का? तीन महिन्यांनी परत तपासतात म्हणावं, विसरू नका.

---

जाई_सिस्टर

लेकी, आईला सांग दिली, त्याच दिवशी, दोन तासांच्या आत, आणि पहिली तपासणी चांगली आली आहे. पुढची तारीख मी माझ्या डायरीत लिहिलीय, त्यांच्या नाही, माझ्या.

सोमवारचं सांगते. स्लाइड निम्म्याच दाखवल्या. डॉफिंग मी नाही शिकवलं, त्या मावशींना बोलावलं, कारण आमच्या पूर्ण कॅज्युअल्टीत त्यांच्याइतकं स्वच्छ डॉफिंग कुणाला येत नाही. आधी नको म्हणाल्या, मग पदर खोचून आल्या. स्टोअरमधून एक किट काढून घातलं, आम्ही हातमोज्यांना आणि पोटावर निळी शाई लावली, आणि त्यांनी बावीस जणांसमोर एकेक वस्तू काढून दाखवली. अंगावर शाईचा एक ठिपका नाही. मग एका इंटर्नला तेच करायला लावलं. गाऊन काढताना त्याचा हात मानेकडे जायला लागला आणि मावशी एकदम म्हणाल्या, "थांबा". तो थांबला. वर्गात दोघं-तिघं हसले, तो हसला नाही. विचारलं, मग हात कुठून घालू मावशी?

सिलिंडरचा कोपरापण केला. रिकाम्यांना वेगळी जागा, भरलेल्याला पांढरी पट्टी, माजी_रेसिडेंट यांचं ऐकून. कंत्राटी लोकांची हजेरी आता कॅज्युअल्टीच्या रजिस्टरमध्येपण लिहिते, ठेकेदाराचं त्याच्याकडे राहू दे, माझ्याकडे माझी प्रत. काकांच्या घरच्यांचं कळल्यावर तेवढं तरी करायलाच हवं होतं. रोस्टरचं अजून भांडण चालू आहे, साहेबांकडे बुधवारी परत जातेय, आमच्या दोन सिस्टर आणि मावशी, चौघी.